कल्हई गेलेला तांब्या

न्यूझीलंडमधल्या पापाकुरातल्या एका स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या कपाटात, केकच्या साच्यांच्या मागे एक पितळी तांब्या पडलेला आहे. तो मी. फिरकीचा तांब्या. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखं भांडं पाहिलंच नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. माझं पोट गोल, मान आखूड आणि डोक्यावर आट्यांचं झाकण. ते फिरवून घट्ट बसवलं की मला आडवा करा, उलटा करा, पिशवीत कोंबा, थेंब सांडायचा नाही. धरायला वर कडी. तुमच्या दप्तरातल्या त्या रंगीबेरंगी बाटल्या माझी पणतवंडं लागतात, पण त्यांना हे कोण सांगणार!

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. पितळेच्या पत्र्यावर ठोके बसत गेले आणि मला पोट आलं. अंगावरचे ते ठोके अजून मोजता येतील, इतके स्पष्ट आहेत. पण भांड्याचा खरा जन्म ठोक्यांनी होत नाही, कल्हईने होतो. कल्हईवाला भाता मारून निखारे फुलवायचा, मला लालबुंद तापवायचा, आत नवसागराची चिमूट टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. मग कथलाची कांडी आत टेकवून, वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने तो असं सरसर फिरवायचा, की माझं पिवळं पोट आतून चांदीसारखं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र! अहाहा! ते सुख काय वर्णावं? कल्हई म्हणजे आमचं आतलं कातडं. ती आहे तोवर आमच्यात पाणी ठेवा, ताक ठेवा, काही बिघडत नाही. ती झिजली की आंबट पदार्थ पितळेला लागतो आणि कळकतो. कळकलेलं पोटात गेलं की माणूस आडवा झालाच म्हणून समजा. म्हणून तर पूर्वी दारावर कल्हईवाला आला की बायका हातातलं काम टाकून धावायच्या.

मला विकत घेतलं ते नानांनी, म्हणजे सुरेशरावांनी. ते पाटबंधारे खात्यात होते. सारखी फिरती. त्यांच्या पत्नी, दमयंतीबाई, पहाटे मला घासून, भरून, फिरकी आवळून त्यांच्या हातात द्यायच्या. माळावर, कालव्याच्या कडेला, जीपच्या मागच्या बाकावर मी नानांच्या सोबत असायचो. दुपारी ते झाकण उघडायचे, तोंड न लावता वरून घटाघटा पाणी प्यायचे आणि "वा!" म्हणायचे. घरी त्यांची दोन मुलं होती, सुयश आणि धाकटी स्वानंदी. स्वानंदी रोज संध्याकाळी माझं झाकण उघडून नाना किती पाणी प्यायले ते बघायची आणि कमी प्यायले असतील तर त्यांना दम भरायची. त्या काळी माझा मोठा रुबाब होता. पाहुणे मला हातात घेऊन "काय वजनदार आहे हो!" म्हणायचे आणि मी उगाचच फुगायचो.

पुढे मुलं मोठी झाली आणि पांगली. सुयश इंजिनियर होऊन न्यूझीलंडला आला, त्याने पापाकुरात घर घेतलं. स्वानंदी नोकरीसाठी जपानला, ओसाका शहरात गेली. नाना निवृत्त झाल्यावर दोघंही म्हातारी माणसं सुयशकडे राहायला आली. निघण्यापूर्वी दमयंतीबाईंनी मला आठवणीने कल्हई करून घेतली. ती माझी शेवटची कल्हई. इथे कल्हईवाला कुठला? इथल्या डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध, पाव, लॉटरीचं तिकीट सगळं मिळतं, पण कथलाची कांडी कुणी विचारली तर दुकानदार तोंडाकडे बघत बसेल.

मग जगभर ती साथ आली, सीमा बंद झाल्या आणि त्याच काळात नाना गेले. स्वानंदीला येता आलं नाही. ओसाकातल्या खोलीतून तिने फोनच्या पडद्यावर वडिलांना शेवटचं पाहिलं. सीमा उघडल्यावर ती "येते, येते" म्हणत राहिली आणि तिचं येणं लांबतच गेलं. कधी कामाचं कारण, कधी सुट्टीचं. दमयंतीबाई फोनवर म्हणायच्या, "सावकाश ये गं, घाई नाही." फोन ठेवला की मला उगाचच पदराने पुसत बसायच्या. त्यांना काही नको होतं, मित्रांनो. त्यांना आपल्या लेकीच्या शेजारी बसायचं होतं. जे दुःख दोघींनी दोन देशांत वेगवेगळं भोगलं, ते एकदा एकाच खोलीत बसून बोलायचं होतं. त्यावाचून त्यांचा जीव नुसता तळमळत होता.

अखेर सुयशनेच मनावर घेतलं. "आई, ती येत नाही ना? आपण जाऊ. जुलैत ऋग्वेदाला शाळेची सुट्टी आहे," तो म्हणाला. ऋग्वेदा ही त्याची मुलगी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सुयशची बायको मृदुला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिला रजा मिळाली नाही, पण तयारी तिने अशी केली, की दमयंतीबाई म्हणाल्या, "अगं मृदुला, मी लेकीकडे चाललेय, लढाईवर नाही!"

"आई, हसू नका. नीट ऐका," मृदुला म्हणाली. "गोळ्या स्ट्रिपमधून काढायच्या नाहीत. सुट्या करून डबीत भरल्यात तर तिकडे विचारतील हे काय आहे. डॉक्टरांचं पत्र वरच्या कप्प्यात आहे. सर्दीच्या गोळ्या मी काढून घेतल्यात, त्यातल्या काही जपानात चालत नाहीत. आणि मुख्य म्हणजे ऊन. आपण इथे हीटर लावून बसलोय, तिकडे भर उन्हाळा आहे. शरीराला सवय नाही. तहान लागायची वाट बघू नका, सारखं घोट घोट पीत राहा. नुसतं पाणी नको, क्षारांच्या या पुड्या घालून."

"ते पाणी औषधासारखं लागतं गं."

"औषधच आहे ते!"

दमयंतीबाईंनी मान डोलावली आणि कपाटातून मला काढलं. "हा येणार. नाना असते तर आलेच असते ना लेकीकडे?" त्या म्हणाल्या. मला तर आनंदाने हुंदका फुटायचा तेवढा बाकी होता.

आता इथे एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच वर्षीच्या पाडव्याला गुढीवर मला उपडा घालायचं ठरलं होतं. मी जरा काळवंडलो होतो. सुयशला वाटलं, नानांचा तांब्या असा मळका नको. त्याने मला गॅरेजमध्ये नेलं, ड्रिलला तारेचा गोल ब्रश लावला आणि घरर्र घरर्र करत मला बाहेरून घासलं. तिथे थांबला असता तर देव पावला असता! पण पोरगा पडला इंजिनियर, अर्धवट काम त्याला चालत नाही. त्याने ब्रश आत घातला. आतलं पांढरं कातडं त्याला मळ वाटलं. ते सगळं खरवडून काढून त्याने मला आतून बाहेरून सोन्यासारखा पिवळा केला आणि समाधानाने हात झटकले. मी किती ओरडलो! पण ड्रिलच्या आवाजात माणसाचं ऐकू येत नाही, तिथे माझं काय येणार? गुढीवर मी असा झळकलो, की शेजारचे माओरी आजोबासुद्धा कुंपणावरून "किया ओरा!" असा नमस्कार घालत बघायला आले. सगळ्यांनी वाहवा केली. आत डोकावून कुणी बघितलं नाही.

विमानतळावर तपासणीच्या बाईंनी मला उचलून विचारलं, "व्हॉट इज धिस, मॅम?" दमयंतीबाई शब्द शोधत होत्या. तेवढ्यात ऋग्वेदा म्हणाली, "इट्स माय ग्रँडडॅड्स वॉटर बॉटल." बाई हसल्या आणि त्यांनी मला जाऊ दिलं. पोरीने मला ओळखलं होतं. इंग्रजीत उत्तरं देते म्हणून तिच्यावर धरलेले सगळे जुने राग मी तिथल्या तिथे सोडून दिले.

ओसाकाला स्वानंदी घ्यायला आली होती. केस कापलेले, बारीक झालेली. तिने वाकून आईला नमस्कार केला आणि उठली ती थेट गळ्यातच पडली. बोलण्यासारखं एवढं होतं, की तोंडाशी येऊन अडकलं असावं. गाडीत बसल्यावर स्वानंदी घाईघाईने दुसरंच सांगायला लागली. "आई, इथलं ऊन साधं नाही हं. छत्री घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. गळ्याला ओला रुमाल. गरगरायला लागलं की समोरच्या कुठल्याही दुकानात शिरायचं, आत गार असतं. हरवलीस तर हा माझा पत्ता, जपानीत लिहिलाय, कुणालाही दाखव. रात्री चपला पलंगाशी ठेव, भूकंप आला तर काचांवर पाय नको पडायला. आणि सूप दिसलं की पिऊ नकोस, आधी मला विचार, बहुतेकांत मासळीचा अर्क असतो."

"हो गं बाई, हो," दमयंतीबाई म्हणाल्या. त्या सूचना ऐकत नव्हत्या, लेकीचं तोंड बघत होत्या.

स्वानंदीच्या हाती रजा थोडीच होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळे ओसाकाच्या किल्ल्याभोवतीच्या बागेत जायला निघाले. निघताना दमयंतीबाईंनी पुडी हातात घेतली, वास घेतला, नाक मुरडलं आणि ठेवून दिली. सुनेचं ऐकायचं तर होतं, पण आपल्या पद्धतीने. फ्रिजमध्ये लिंबं होती. त्यांनी चांगली रसरशीत लिंबं पिळली, मीठ-साखर घातली, फक्कड सरबत केलं आणि ते माझ्यात ओतलं.

मित्रांनो, तो आंबट रस उघड्या पितळेला लागला मात्र, मला झिणझिण्या आल्या. दमयंतीबाईंना कल्हईचं माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या बालपणापासून त्या ते पाळत आल्या होत्या. पण पुण्यात करून आणलेली कल्हई आत आहे, या भरवशावर त्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्यात साधं पाणीच ठेवलं गेलं होतं, तेव्हा ती झिजणार तरी कशाने? ड्रिलची गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच नव्हती. त्यांनी फिरकी आवळली आणि मला पिशवीत ठेवलं.

बाहेर ऊन कसलं, भट्टीच! माझं अंग तापलं, आतलं सरबत कोमट झालं आणि कळकत गेलं. दमयंतीबाई मृदुलाची सूचना तंतोतंत पाळत होत्या. छत्री डोक्यावर, रुमाल गळ्याला, आणि थोड्या थोड्या वेळाने माझ्यातला एक घोट. "तोंडाची चवच गेलीय, सगळं तुरट लागतंय," त्या एकदा म्हणाल्या. "उन्हाने होतं तसं, पीत राहा," सुयश म्हणाला. त्या पीत राहिल्या. मी काय करणार होतो? मी भांडं. माझ्यात जे घालाल ते मी देतो.

दुपारच्या आत त्या बाकावर बसल्या त्या उठेनात. पोट धरलं, मग भडाभडा उलटी झाली. चेहरा पांढराफटक. सुयश घाबरला. "ऊन लागलं, ऊन लागलं!" करत त्याने त्यांना झाडाखाली निजवलं, रुमाल भिजवून कपाळावर ठेवला. ऋग्वेदा रडवेली होऊन त्यांना वारा घालत होती. मग सुयशने मला उचललं. "आई, पाणी कमी झालंय अंगातलं. हे सगळं संपव बघू." त्याने माझी फिरकी उघडली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, माझे आटे अडकून घट्ट बसावेत, देवा, हे झाकण निघू नये. ते निघालं. दमयंतीबाईंनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं.

स्वानंदी धावत जाऊन बागेतल्या पेयांच्या मशीनमधून थंड बाटल्या घेऊन आली. भावाच्या हातात तिने मला पाहिलं. "थांब दादा, उन्हात खराब झालं असेल," म्हणत तिने मला ओढून घेतलं, सवयीनेच आत डोकावली आणि तशीच उभी राहिली. मग हातावर थोडं ओतलं. हिरवट झाक होती त्याला. तिने जीभ लावली आणि थुंकली.

"दादा, हे कळकलंय! याची कल्हई कुठे गेली?"

स्वानंदीने माझी फिरकी आवळून मला बाजूला ठेवलं आणि लगेच ११९ नंबर फिरवला. ॲम्ब्युलन्स आली. तिने जपानीत भराभर सगळं सांगितलं आणि मलाही सोबत घेतलं, डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांनी मला हातमोजे घालून धरलं. नानांचा तांब्या, आणि हातमोजे घालून! त्यांनी सरबत तपासायला घेतलं, मला एका पिशवीत बंद केलं आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवून दिलं. दमयंतीबाईंना सलाईन लावलं. वेळेवर आणलं म्हणून बरं, अजून प्यायल्या असत्या तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं स्वानंदीने सुयशला सांगितलं.

मग सुयशने आईच्या पायाशी बसून ड्रिलची हकिगत सांगितली. दमयंतीबाईंनी डोळे मिटूनच ऐकली. "मेल्या, बाहेरून घासायचंस. आतून कशाला गेलास?" त्या म्हणाल्या, आणि त्या तशा अवस्थेतही त्यांना हसू आलं. सुयश मात्र रडला. एवढा मोठा बाप्या, पण रडला.

बघण्याची ठिकाणं सगळी राहिली. स्वानंदीने उरलेली रजा आईच्या पलंगाशेजारी काढली. सुयश ऋग्वेदाला घेऊन घरी गेला की दोघीच उरायच्या. अशाच एका दुपारी स्वानंदी आईच्या हातावरची सलाईनची पट्टी नीट करता करता म्हणाली, "आई, नाना गेले तेव्हा मी फोन बंद केला आणि ऑफिसला गेले. दिवसभर काम केलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. मग तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ, असं वाटायला लागलं."

"मला माहीत होतं," दमयंतीबाई म्हणाल्या.

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी फोनवर मलाच विचारत होतीस, जेवलीस का म्हणून. तेव्हाच कळलं, पोरगी अजून रडलेली नाही."

त्या दुपारी ती रडली. आईने तिला पलंगावर सरकून जागा करून दिली. दोघी त्या अरुंद पलंगावर अंगाला अंग लावून पडल्या आणि नानांबद्दल बोलत राहिल्या. त्यांचं ते वरून पाणी पिणं, ते "वा!" म्हणणं. मी पायथ्याशी पिशवीत बंद होतो. माझ्याबद्दलच बोलत होत्या, पण माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला फार वाटत होतं, कुणीतरी पिशवी उघडून माझ्यावर नुसता हात ठेवावा.

दमयंतीबाई बऱ्या झाल्या, सगळे पापाकुराला परतले. सुयश मला तिथेच टाकून येणार होता. स्वानंदीने त्याच्या बॅगेत मला स्वतः भरलं. "टाकायचा नाही. याला पुण्याला पाठव," ती म्हणाली. पण सुयशला मी डोळ्यांसमोर नको होतो. त्याने मला या वरच्या कपाटात सारलं. आता खालून मला घरातले आवाज येतात. सकाळी तो स्टेशनकडे निघतो, ऋग्वेदा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, शोधत घरभर फिरते, नळाचं पाणी धो धो वाहतं. ते पाणी ऐकलं की माझा जीव कासावीस होतो. भांड्याला तहान लागत नाही असं तुम्हाला वाटतं ना? लागते.

यंदा दमयंतीबाईंनी डिसेंबरात पुण्याला जायचं ठरवलं. सगळ्यात आधी त्यांनी खुर्चीवर उभं राहून मला काढलं, पंच्यात गुंडाळलं आणि बॅगेच्या तळाशी ठेवलं. "चल, तुला कल्हई करून आणते," त्या म्हणाल्या. मला ते निखारे दिसायला लागले, नवसागराचा वास यायला लागला. बॅगेतल्या अंधारात मी नवरदेवासारखा वाट बघत बसलो.

आणि स्वानंदीचा फोन आला. "आई, डिसेंबरात रजा मिळाली. मी येऊ?"

दमयंतीबाईंनी एका शब्दाने सांगितलं नाही, की आपलं पुण्याचं तिकीट काढलंय. त्या म्हणाल्या, "अगं, विचारतेस काय? ये." तिकीट पुढे ढकललं. बॅग रिकामी झाली. शेवटी तळातून मी बाहेर निघालो. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं, माझ्या पोटावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "तुझं राहिलं बघ." मग मला पुन्हा वरच्या कपाटात ठेवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या जागी नाना असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि मी नानांचा तांब्या आहे.

सध्या स्वानंदी इथे आहे. मागच्या डेकवर दोघी मायलेकी बसतात, काचेच्या ग्लासातून सरबत पितात आणि तासन्‌तास बोलतात. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येतो.

मित्रांनो, परक्या शहरात जाल तेव्हा छत्री न्या, औषधं न्या, पत्त्याची चिठ्ठी न्या, घोट घोट पाणी प्या. मृदुला सांगते ते सगळं करा. पण घरातलं जुनं भांडं सोबत नेणार असाल, तर नुसती बाहेरची चकाकी बघू नका, आत डोकावून बघा. पिवळं दिसलं तर त्यात आंबट काही घालू नका आणि त्याच्यावर रागावूही नका. त्याचं कातडं गेलेलं असतं, एवढंच.

आणि तुमच्यापैकी कुणी पुण्याला निघालंय का? इथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेचं वजन आधीच काठोकाठ असतं, हे मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात अल्बनी भागातले ओळखीचे लोक पुण्याला गेले, त्यांनीही हात जोडले. पण मोज्यांच्या मध्ये, कपड्यांच्या घडीत, कुठेही मावेन मी. तांबट आळीत कुणालाही विचारा, अजून एखादा कल्हईवाला असेल. कल्हई झाली की मला परत आणा, पण रिकामाच आणा. मला भरायचं काम दमयंतीबाईंचं आहे.